सव्वा इंचावरची ट्रायल

ग्लोबवर मोजलं तर टेलरकाकांची मुलगी घरापासून सव्वा इंचावर राहत होती.

माप त्यांनी स्वतः घेतलं होतं, आणि टेलरकाकांनी घेतलेल्या मापावर शंका घेण्याची गल्लीत पद्धत नव्हती. ग्लोब शेजारच्या मास्तरांचा. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले तेव्हा शाळेने निरोप समारंभात त्यांना हा ग्लोब भेट दिला. एकोणीस वर्षांपूर्वी शाळेसाठी तो मास्तरांनीच निवडून आणलेला होता, त्यामुळे नापसंत करण्याची सोय नव्हती. आधी मास्तरांनी पट्टी लावून पाहिली. पट्टी पृथ्वीवर बसेना. मग टेलरकाकांनी गळ्यातली टेप काढली, खडूने दोन्ही विमानतळांच्या जागी ठिपके दिले आणि गिऱ्हाइकाच्या छातीभोवती धरतात तशी, न सैल न घट्ट, टेप पृथ्वीच्या अंगावर टेकवली. सव्वा इंच. मास्तरांनी कागदावर गुणाकार केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि तेराशे पंचवीस किलोमीटर असा निकाल दिला. विमान कंपनी तेराशे बावीस म्हणत होती. उरलेले तीन किलोमीटर खडूच्या ठिपक्याच्या जाडीचे, असं टेलरकाकांचं मत पडलं. कंपनीचं चुकलं असणार, असं मास्तरांचं. प्रवासाचा वेळ दोन तास दहा मिनिटं, यावर मात्र कंपनी, मास्तर आणि टेलरकाका या तिघांचं एकमत होतं.

गणित सुटलं म्हणून मास्तर खूश झाले. टेलरकाका झाले नाहीत. सव्वा इंच म्हणजे किती, हे ज्या माणसाने चाळीस वर्षं पँटींच्या पायांना मुडपा घातल्या त्याला कुणी सांगायला नको. बोटाची दोन पेरंसुद्धा नाहीत. एवढं अंतर पार करायला त्यांच्या मुलीला चौदा महिने लागले होते आणि ती अजून पोहोचली नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वी काकू गेल्या. तेव्हा मुलगी आली, पंधरा दिवस राहिली, आईचं कपाट आवरलं, बापाला भात लावायला शिकवलं आणि निघताना दारात म्हणाली, "दोन तासांवर तर आहे बाबा, कधीही येईन." टेलरकाका हे वाक्य घेऊन बसले. मुलगी एका औषध कंपनीच्या थंड गोदामात साठा तपासण्याचं काम करायची. त्या गोदामात म्हणे भर उन्हाळ्यातही दात वाजतात. कधी कामावरची जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली, कधी वरून तपासणी आली, कधी रजा मंजूर झाली आणि नेमका ताप आला. दर रविवारी ती फोनवर एक नवं कारण सांगायची, आणि कारणं सगळी खरी होती. टेलरकाकांना कापड पारखायची सवय. खोटं असतं तर हाताला लागलं असतं. पण त्या खऱ्या कारणांच्या आत, अस्तरासारखं, आणखी एक कारण होतं आणि त्याला दोघंही हात लावत नव्हती. दार उघडलं की समोर मशीन, मशीनच्या डावीकडे खिडकी, आणि खिडकीत काकूंची खुर्ची. त्या खुर्चीत बसून काकूंनी चाळीस वर्षं काज केले आणि बटणं लावली. कापायचं आणि शिवायचं काकांनी, काज-बटण काकूंनी, अशी त्या दुकानाची आणि संसाराची वाटणी होती.

तर जाण्याच्या महिनाभर आधी काकूंनी गडद निळं, उबदार कापड आणून ठेवलं होतं. लेकीला कोट शिवा, म्हणाल्या होत्या, ती तिथे गारठून मरते. टेलरकाकांनी तो कोट शिवायला घेतला काकूंच्या पश्चात. कापला, अस्तर लावलं, कच्चे टाके घातले आणि हँगरला अडकवला. तिथून पुढे कोट सरकला नाही, कारण पुढे ट्रायल होती.

ट्रायलच्या बाबतीत टेलरकाकांचे दोन नियम होते. पहिला, ट्रायलशिवाय पक्की शिलाई नाही. मग समोर कुणीही असो. दुसरा, ट्रायल एकदाच. दुसरी ट्रायल म्हणजे पहिल्या खेपेला डोळे मिटून माप घेतल्याची कबुली, असं ते म्हणत, आणि चाळीस वर्षांत त्यांनी ती एकदाही दिली नव्हती. शिवाय बाही अंगावरच बसवायची हा त्यांचा हट्ट. त्यामुळे कोटाच्या दोन्ही बाह्या नुसत्या टाचण्यांनी लावलेल्या होत्या. वर्षभर तो कोट तसाच, बाह्या टाचून, मशीनशेजारी एखाद्या पाहुण्यासारखा उभा होता. त्याला बसा म्हणता येत नव्हतं आणि जा म्हणता येत नव्हतं.

आता सरळ फोन करून ये म्हणायला काय हरकत होती, असं कुणालाही वाटेल. गल्लीत सगळ्यांना वाटत होतं. पण कपडे तयार आहेत, घेऊन जा, असा निरोप टेलरकाकांनी जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला पाठवला नव्हता. ज्याला हवा तो येतो, ही त्यांची धंद्याची रीत. ती पोटच्या मुलीला लावू नये हे त्यांना कळत होतं. वळत नव्हतं.

अशात मास्तरांनी आगीत तेल ओतलं. विमानांचं वेळापत्रक बघता बघता त्यांना असा शोध लागला की जायला दोन तास दहा मिनिटं लागतात, पण तिकडून इकडे यायला एक तास पंचावन्नच. टेलरकाकांनी हे दोनदा वाचून घेतलं. अंतर तेच, टेप तीच, मग यायला कमी का? मास्तरांनी वाऱ्याचं सांगितलं. वर आकाशात वारा बहुतेक एकाच दिशेने वाहतो आणि घराकडे येणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो. म्हणजे, टेलरकाकांनी खात्री करून घेतली, तिला घरी यायचं असेल तर वारासुद्धा तिच्या बाजूचा आहे. मास्तर हो म्हणाले, आणि मग टेलरकाकांचा चेहरा पाहून, आपण भूगोलाऐवजी इतिहास शिकवायला हवा होता असं त्यांना वाटलं.

त्याच संध्याकाळी टेलरकाकांनी ठरवलं. मुलगी ट्रायलला येत नाही, तर ट्रायल मुलीकडे जाईल. दोन तास दहा मिनिटं जायला, दहा मिनिटं ट्रायल, एक तास पंचावन्न यायला. दुपारच्या चहाला घरी.

रविवारच्या फोनवर त्यांनी हे मुलीला सांगितलं ते असं, की जणू कोपऱ्यावर दोरा आणायला चाललेत.  राहा की दोन दिवस, ती म्हणाली. टेलरकाकांनी दुकानाचं कारण सांगितलं. तेही खरं होतं. एकाच घरातल्या दोघांनी किती खरी कारणं द्यावीत याला सुमार नाही. शेवटी असं ठरलं की ती विमानतळावरच येईल. सकाळचं विमान तिथे अकरा पन्नासला उतरणार, परतीचं दोनला सुटणार, आणि त्यासाठी सव्वा एकला पुन्हा आत शिरायचं. म्हणजे मध्ये सव्वा तासाच्या वर. एवढ्यात टेलरकाकांनी अख्खी वरात मापून दिली असती.

बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा विमानात बसल्या होत्या. तो बोर्डिंग पास त्यांनी काचेच्या कपाटात कपबश्यांच्या पुढे उभा करून ठेवला होता, त्यामुळे त्यांचं नाव बोर्डिंगवहिनी पडलं होतं. विमान या विषयावरचा अंतिम शब्द त्यांचा. कानात कापूस घाला, पंखाकडे बघू नका, आणि पुढची जागा मागून घ्या म्हणजे आधी पोहोचाल, असं त्यांनी सांगितलं. खालच्या औषधवाल्याने मळमळीच्या गोळ्या दिल्या आणि त्या घेतल्यावर मळमळतं असंही सांगितलं. मास्तरांनी तिकीट काढण्याचं काम अंगावर घेतलं, आणि त्याबरोबर एका कागदावर घराच्या दारापासून मुलीपर्यंतच्या वेळेचा तक्ता मांडला. रस्ता दीड तास, विमान सुटायच्या दोन तास आधी हजेरी, मग प्रत्यक्ष उड्डाण, मग उतरून बाहेर येणं. सगळं मिळून सव्वा सहा तास झाले. टेलरकाका तक्त्याकडे बघत राहिले. आकाशात तर दोनच तास जातात, म्हणाले, मग बाकीचे चार जमिनीवर कोण खातं? मास्तर म्हणाले, तेच तर दळणवळण.

पहाटे साडेपाचला टेलरकाका निघाले. हातात कोट, कपड्याच्या पिशवीत हँगरसकट. खिशात टेप, खडू, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान. इस्त्रीचा शर्ट, स्वतः शिवलेली पँट. पँटचा पट्टा हल्ली एक भोक आत गेला होता, पण ते त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

विमानतळाच्या दारातच गाडी अडली. रखवालदाराने तिकीट पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं आणि बाजूला व्हा म्हणाला. ओळखपत्रावर टेलरकाकांचं आडनाव होतं. तिकिटावर आडनावाच्या जागी लिहिलं होतं, टेलर.

झालं होतं असं, की मास्तर तीस वर्षं टेलरकाकांचे शेजारी होते, रोज संध्याकाळी एका बाकावर बसत होते, पण टेलरकाकांचं आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानाच्या पाटीवर नुसतं टेलर. गल्लीत टेलरकाका. पोस्टमनसुद्धा टेलर म्हणूनच पत्र टाकायचा. आणि तीस वर्षांनंतर माणसाला त्याचं आडनाव विचारायचं म्हणजे आजवर विचारलं नाही हे कबूल करायचं. मास्तरांच्याने ते झालं नाही.

रखवालदाराने दुरुस्तीच्या खिडकीकडे पाठवलं. खिडकीतली मुलगी चांगली होती. तिने समजावून सांगितलं की नावात तीन अक्षरांपर्यंत चूक असेल तर ती जागच्या जागी दुरुस्त होते. चौथं अक्षर चुकलं की ती चूक राहत नाही, तो दुसरा माणूस होतो. टेलरकाकांनी नम्रपणे विचारलं, की दुसरा माणूस असेन तर मग पहिला कुठे आहे? मुलीने एक अर्ज दिला. अर्जात रकाना होता: चुकीचे कारण. टेलरकाकांनी मास्तरांना फोन लावला. मास्तर बराच वेळ खाकरले आणि मग पडलेल्या आवाजात म्हणाले, दाट परिचय असं लिहा.

तेवढ्यात आतून मुख्य साहेब आले. त्यांनी अर्ज वाचला, कारण वाचलं, आणि तुम्ही टेलर आहात याला पुरावा काय, असं विचारलं. टेलरकाकांनी त्यांच्याकडे एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. माणूस पहिल्यांदा भेटला की ते असंच पाहत. त्यात उद्धटपणा नसे.

"तुमच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय," ते म्हणाले. "शिवणाऱ्याचा दोष नाही. तुम्ही जड पिशवी कायम त्याच खांद्याला लावता."

साहेबांनी डाव्या खांद्याकडे पाहिलं. खिडकीतल्या मुलीनेही पाहिलं, आणि रोज पाहत असल्यासारखी मान हलवली. साहेबांनी शिक्का उचलला. अर्जावर उमटवता उमटवता त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, हे दुरुस्त होतं का. टेलरकाका म्हणाले, एका ट्रायलमध्ये.

या विजयाचा आनंद त्यांना पाऊणएक मिनिट मिळाला. पुढे सुरक्षा तपासणी होती.

पट्ट्यावरून कोट आत गेला आणि पडद्यावर जे दिसलं ते पाहून तिथला जवान उठून उभा राहिला. टेलरकाकांना नंतर पडदा दाखवला तेव्हा त्यांनाही मान्य करावं लागलं, की बेचाळीस टाचण्या कोटाच्या दोन्ही खांद्यांभोवती अशा दिसत होत्या, जसं काही कोटाने साळिंदराला पोटात घातलंय. जवानाने टोकदार वस्तूंची यादी दाखवली. यादीत टाचणी होती. टेलरकाकांनी सांगितलं, ही टाचणी नाही, ही बाही आहे. टाचणी नुसती मधे आहे. जवानाने सांगितलं, बाही न्या, टाचणी ठेवा. टेलरकाकांनी विचारलं, तुमच्या शर्टाची बाही शर्टावाचून नेली तर चालेल का. मागे रांग लांबत गेली. रांगेतल्या एका बाईंनी काकांची बाजू घेतली, एका गृहस्थांनी जवानाची. शेवटी टेलरकाकांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या हाताने एकेक टाचणी काढून ट्रेमध्ये ठेवली. बेचाळीस. ते दर टाचणी मोठ्याने मोजत होते. खडूची पूड बोटाला लावून वेगळ्या यंत्रात पाठवली गेली आणि खडू निर्दोष सुटला. अंगुस्तान काय आहे ते तिघांना विचारूनही ठरेना, म्हणून ते परत मिळालं. टेप कुठल्याच यादीत नव्हती.

एका हातात बिनबाह्यांचा कोट आणि दुसऱ्या हातात दोन मोकळ्या बाह्या घेऊन टेलरकाका फाटकाजवळच्या खुर्चीत बसले. समोरून जाणारी माणसं त्या बाह्यांकडे बघत आणि मग हळूच काकांचे स्वतःचे हात जागेवर आहेत ना ते बघत. आजवर त्यांच्या हातून कुठलाही कपडा असा उघडानागडा चारचौघांत आला नव्हता. त्यांनी बाह्यांची घडी घातली आणि मांडीखाली ठेवली.

विमानाला उशीर होता. पंचावन्न मिनिटं. एका गोड आवाजाने त्याबद्दल खेद व्यक्त केला. पाच मिनिटांनी त्याच आवाजाने, त्याच चालीवर, तोच खेद पुन्हा व्यक्त केला. टेलरकाकांनी मधल्या वेळातून पंचावन्न वजा केले. ट्रायलला अर्धा तास उरला. पुष्कळ झाला. त्यांनी मुलीला उशिराचं कळवलं. ती म्हणाली मी आलेय बाबा, केव्हाची आलेय. सकाळपासून येऊन बसली होती. हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

उड्डाणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कानात कापूस होता, त्यामुळे हवाईसुंदरीने काय विचारलं ते त्यांना कळलं नाही; त्यांनी तिला तीनदा हो म्हटलं आणि तीन पेले पाणी आलं. पंखाकडे त्यांनी पाहिलं. खाली पाहिलं तर कुठेच ठिपके दिलेले नव्हते. बरोबर दोन तासांनी विमान मुलीच्या शहरावर आलं, आणि तिथे उतरायला जागा नाही म्हणून गोल फिरू लागलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. खाली रस्ते दिसत होते, गच्च्या दिसत होत्या, एका इमारतीच्या बाहेर वाळत घातलेले कपडे दिसत होते. सव्वा इंच संपला होता. ती तिथेच कुठेतरी खाली उभी होती. इतकं जवळ येऊन, इंधन असून, इच्छा असून, उतरता येत नाही असंही होतं, हे टेलरकाकांनी माप घेताना धरलं नव्हतं. चौथ्या फेरीला त्यांनी कानातला कापूस काढला. मुलीवरचा त्यांचा राग, जो त्यांनी कुणालाच कधी दाखवला नव्हता, तो साधारण तिथे, त्या गोल फेऱ्यांमध्ये कुठेतरी गळून गेला.

ते बाहेर आले तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती. हातात तेरा मिनिटं.

मुलगी कठड्याशी उभी होती. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. टेलरकाकांनी पहिल्यांदा पाहिले ते तिचे खांदे. नंतर चेहरा.

"बाबा, बाह्या?" तिने विचारलं.

"टाचण्या जप्त झाल्या."

ती हसली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. मग तिने हात वर करून केसांतल्या पिना काढायला सुरुवात केली. आठ निघाल्या. पुऱ्या पडेनात. शेजारी पाहुण्याच्या नावाची पाटी धरून एक ड्रायव्हर उभा होता. पाटीचा कागद ज्या क्लिपांनी लावला होता त्या त्याने न विचारता काढून दिल्या आणि कागद हाताने धरून ठेवला. अशा रीतीने सामानाच्या ढकलगाड्या, रडणारं एक मूल आणि हार घेऊन उभी असलेली मंडळी यांच्या मधोमध ट्रायल सुरू झाली. ड्रायव्हरचा पाहुणा येऊन गेला असावा. ड्रायव्हर कोटाकडेच बघत होता.

टेलरकाकांनी बाह्या बसवल्या, खडूने दोन खुणा केल्या, मागून पाठ ओढून पाहिली. मुलीने पुढच्या दोन्ही बाजू जिथे एकमेकींवर येतात तिथे हाताने धरल्या, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.

"काज?" ती म्हणाली.

"ते काम माझं नाही," टेलरकाका म्हणाले.



मग टेलरकाका दोन पावलं मागे सरकले. कोट बसला होता. नुसता बसला नव्हता, तिच्या अंगावर जन्मल्यासारखा होता. जुन्या मापापेक्षा त्यांनी तो घेरात एक इंच कमी कापला होता; रविवारच्या फोनवरच्या आवाजावरून त्यांनी तो इंच काढला होता, आणि स्वतःच्या पट्ट्याच्या भोकावरून पडताळा पाहिला होता. डोळे मिटून घेतलेलं माप नव्हतं ते. चाळीस वर्षांत इतका निर्दोष कोट त्यांच्या हातून झाला नव्हता. एक वाजून दहा झाले होते.

"झालं," ते म्हणाले. "आता पक्की शिलाई मारतो आणि पार्सलने पाठवून देतो."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले. पार्सल. म्हणजे काम संपलं. आता हँगरला काही नसणार, आणि तिला दोन तास दहा मिनिटांवरून हाक मारायला त्यांच्याकडे एक टाकासुद्धा शिल्लक राहणार नाही. पण कोट तर बसला होता. बसलेल्या कोटाला बसला नाही म्हणणं त्यांच्या जिभेला येत नव्हतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "खांद्यात ओढतोय."

"कुठला?"

"डावा."

टेलरकाकांनी डावा खांदा पाहिला. हाताने चाचपला. अंगठा शिवणीवरून फिरवला. सुरकुती नाही, ताण नाही, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. चाळीस वर्षांची अब्रू पणाला लागली. त्या मुख्य साहेबांचा खांदा उतरला होता असं म्हणाल तर म्हणा, पण हा?

"क्लिपमुळे वाटत असेल," ते जरा कडकच म्हणाले.

मुलीने खांद्यावरची क्लिप काढली, ड्रायव्हरला परत दिली आणि हात खाली सोडला.

"अजून ओढतोय."

आणि तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. ही मुलगी मशीनच्या पायाला धरून उभं राहायला शिकली होती. उतरलेला खांदा आणि बसलेला खांदा यांतला फरक तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून कळत होता. टेलरकाकांनी शिवणीवरचा अंगठा काढून घेतला.

"दुसरी ट्रायल लागेल, बाबा."

टेलरकाकांनी कोट तिच्या खांद्यांवरून उतरवून घेतला. घडी घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"लागेल," ते म्हणाले. "पण घरी यावं लागेल. मशीन काही इथे आणता येत नाही."

"येते. काज पण मीच करते तेव्हा." तिने पिना केसांत परत खोचल्या, एक खाली पडली, ती वाकून उचलली. वाकलेली असतानाच तिने विचारलं, "खुर्ची खिडकीतच आहे ना?"

"तिथेच आहे."

सव्वा एक झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, काका, पळा.

वारा मास्तरांनी सांगितला होता तसाच निघाला. परतीचं विमान एक तास पन्नास मिनिटांत उतरलं. पुढचे अडीच तास जमिनीने खाल्ले. टेलरकाका घरी पोहोचले तेव्हा साडेसहा होत आले होते आणि पायरीवर मास्तर कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. आडनावाचा विषय दोघांनीही काढला नाही. मास्तरांनी बेरीज केली. तेरा तासांचा प्रवास, तेरा मिनिटांची ट्रायल. त्यांना हे प्रमाण भूगोलात कुठेच बसवता येईना. बोर्डिंगवहिनींनी वरून विचारलं, पुढची जागा मिळाली का. औषधवाल्याने विचारलं, कोट बसला का. टेलरकाका भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की नाही, दुसरी ट्रायल आहे.  मास्तरांनी सहानुभूतीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वय झालं की होतं, म्हणाले. टेलरकाकांनी तेही ऐकून घेतलं.

रविवारी फोन आला. पुढच्या शनिवारचं तिकीट काढलं, असं मुलगी म्हणाली. सकाळचं. सहा दिवस रजा. मग तिने विचारलं, खांदा उसवलात का?

"केव्हाच," टेलरकाका म्हणाले आणि फोन ठेवला.

उसवला नव्हता. कोट हँगरवर जसाच्या तसा होता. त्यांनी तो उतरवून टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि डाव्या खांद्याकडे बराच वेळ पाहिलं. लबाडीचं काम त्यांच्या दुकानातून कधी बाहेर गेलं नव्हतं. मुलगी हजारावर किलोमीटर पार करून दुरुस्तीला येणार आणि दुरुस्त करायला काहीच नाही, हे बरं दिसलं नसतं.

आधी त्यांनी खिडकीतली खुर्ची पुसली, पाठ, दांडे, पायसुद्धा. बटणांचा डबा तिच्याजवळ सरकवून ठेवला. मग टेबलापाशी येऊन, जन्मात एवढा चांगला दुसरा बसला नव्हता अशा त्या खांद्याच्या कच्च्या टाक्याचं टोक नखाने उचललं, आणि हळूच, कापडाला इजा होणार नाही अशा बेताने, ओढायला सुरुवात केली.